शेंगदाण्याएवढं कारण

लग्नानंतर पाच वर्षं मी महिन्यातले पंधरा-सोळा दिवस मागच्या पडवीत काढले. साताऱ्यातल्या आमच्या घरात विटाळ कडक होता. रक्त दिसलं की बाहेर बसायचं, चौथ्या दिवशी न्हाऊन आत यायचं. मला आत येऊन चार दिवस होतात न होतात तोच पुन्हा दिसायचं. शेजारीण हसायची, "अगंबाई, हिनं कावळा पाळलाय की काय!"

वैद्यांनी नाडी पाहिली, उष्णता सांगितली, काढे दिले. आणखी काही पाहिलं नाही. मूल होत नव्हतं. दुसरं महायुद्ध चालू असतानाच्या एका दसऱ्याला सासूबाई माझ्यादेखत यजमानांना म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत थांबते. मग वाईची ती मुलगी बघून येऊ. चुलीला हात न लागणारी सून काय करायची?"

यजमानांनी पानाचा डबा पुढे ओढला. मी दिवाळीची वाट पाहिली नाही. माझं माहेर सांगलीचं. तिथे एक डॉक्टरीणबाई बायकांना तपासतात, असं आईने कळवलं होतं. यजमानांना विचारलं, "पोहोचवायला येता, की एकटी जाऊ?"

ते आले.

बाईंनी आधी कधी, किती, केव्हापासून ते विचारून घेतलं. मग दिवा जवळ ओढून आत पाहिलं. पाच वर्षांत पाहणाऱ्या त्या पहिल्या. गर्भाशयाच्या तोंडाशी लाल मांसाचा एक गोळा देठाने लोंबत होता. तो चिमट्यात धरून त्यांनी पिळत पिळत तोडला आणि देठाची जागा औषधाने डागली. कळ आली, पण ओरडण्याइतकी नव्हती. बाटलीतला गोळा त्यांनी मला दाखवला. शेंगदाण्याएवढा होता.

"याला पॉलिप म्हणतात. साधाच दिसतोय, तरी तपासायला पाठवते. दोन-चार दिवस थोडं रक्त जाईल. जखमेचं असतं ते."

तिसऱ्या दिवशी साताऱ्याला परतलो. सासूबाई दारातच होत्या.

"थांबलं?"

"थोडं जातंय. जखमेचं आहे."

"मग पडवीत."

"गेल्या महिन्यात विळीवर तुमचं बोट कापलं, तेव्हा तुम्ही पडवीत बसला होतात?"

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या? बोटाचं रक्त आणि ते एक होय?"

"आज एकच आहे."

हातपाय धुऊन मी चूल पेटवली. सासूबाईंनी देवांपुढे बसून मोठ्याने जप सुरू केला. यजमान उंबऱ्यात उभे. एकदा आईकडे पाहत, एकदा माझ्याकडे.

"भात निवतोय," मी म्हटलं.

ते पाटावर बसले. जेवून उठल्यावर त्यांनी वाईला नकाराचं कार्ड लिहिलं. माझं रक्त थांबेपर्यंत सासूबाई केळी आणि दूध घेऊन राहिल्या.

तपासणीत गोळा साधा निघाला. पुढच्या महिन्यात मात्र खरोखरच कावळा शिवला. मी कुणाला सांगितलं नाही. आमटीला फोडणी दिली. सासूबाईंनी ती दोनदा मागून घेतली.