अठ्ठावीस, सत्तावीस, एकोणतीस

कोयनानगरच्या स्टँडवर सामान मोजलं तेव्हा आठ डाग भरले. माझ्या यादीत सातच होते. आठवी एक लहान कापडी पिशवी होती, तोंडाला दोन गाठी मारलेली. त्यात काय आहे म्हणून विचारलं तर माझी बायको सुनंदा म्हणाली, "सायलीचं हाय ते. तुमी उघडू नका." मग तिनं आमच्या मुलीला रसवंतीच्या मागं नेलं आणि कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी यादीत आठ हा आकडा लिहिला, पुढची जागा कोरी ठेवली आणि गाडीत चढलो.

माझी बदली सांगलीला झाली होती. सुनंदाची अंगणवाडीतली नेमणूक गावातलीच, ती हलणार नव्हती. शिवाय माझ्या आईजवळ कुणीतरी हवं होतं. सायलीची आठवी मोठ्या शाळेत व्हावी म्हणून आम्ही बापलेक तेवढे खाली उतरलो. वर मी पंधरा वर्षं पावसाच्या आणि धरणाच्या नोंदी ठेवल्या. तेच पाणी पुढं कृष्णेला मिळून सांगलीत येतं, आणि इथं मी त्याची पातळी लिहितो. वर राहिलेली तुम्ही मंडळी फोनवर विचारता, सांगलीत करमतं का. कामाचं म्हणाल तर पाणी ओळखीचं आहे. घराचं सांगायला मात्र थोडा वेळ लागेल.

आमची जागा दीड खोलीची. बाहेर झोपायचं, आत स्वयंपाक, आणि आतच फळीवर देव. सकाळी मी भाजी-भाकरी करून आत झाकून ठेवायचो आणि कामावर जायचो. पहिल्याच महिन्यात सायली दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. पोट दुखतंय, एवढंच म्हणाली. ताट तसंच झाकलेलं. भूक नाही म्हणाली. मी ओवा दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, तेव्हा हिंग दिला. तिसऱ्या महिन्यात वाटलं, सांगलीचं पाणी बाधत असेल, म्हणून फिल्टर आणला. चौथ्या महिन्यात बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं की मुलीचं मन लागत नाही, चार महिन्यांत मिळून आठ दिवस गैरहजर आहे. घरी आल्यावर सायलीही म्हणाली, "मला कोयनेला सोडा पप्पा. मला न्हाई जमत इथं."

मी दाखला काढण्याचा अर्ज लिहायला बसलो. कारण सविस्तर द्यावं म्हणून गैरहजेरीच्या तारखा एकाखाली एक मांडल्या आणि सवयीनं मधले दिवस मोजले. अठ्ठावीस. सत्तावीस. एकोणतीस. पेन खाली ठेवलं. उभं आयुष्य आकडे बघण्यात गेलेल्या माणसाला हे कळायला चार महिने लागले.

तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडं जमीन जरा हलली की पाच मिनिटांत सगळी कॉलनी रस्त्यावर येऊन बोलायला लागायची. किती रिश्टरचा, केंद्र कुठं, भांडी कुणाची पडली. पण घराघरात दर महिन्याला जे व्हायचं त्याबद्दल पुरुषांच्या कानावर एक शब्द येत नसे. आई चार दिवस मागच्या पडवीत पोत्यावर बसायची. कावळा शिवला, असं आम्हाला सांगायचे आणि आम्ही पोरं कावळा शोधायचो. तिला दुखतं का, असं मी कधी विचारलं नाही. मोठा झाल्यावरही नाही.

सुनंदाला फोन केला. वर्षापूर्वीच पाळी सुरू झाली होती, तेव्हा काही दुखत नव्हतं, असं तिनं सांगितलं. मला का सांगितलं नाहीस, म्हटल्यावर ती म्हणाली, "बाप्यांना कोण सांगतं?" त्या आठव्या पिशवीत काय होतं ते मला तेव्हा कळलं.

सायलीजवळ जाऊन बसलो. मला माहीत आहे, कुठं दुखतं ते सांग, म्हटलं. तिनं ओढणी तोंडावर घेतली. ओढणीआडूनच बोलली. ओटीपोटात, कमरेत, मांड्यांत कळा येतात. कधी उलटी होते. मी म्हटलं, निदान पाणी तापवून शेकायचं तरी.

"आत देव हायत न्हवं," ती म्हणाली.

म्हणजे पाळीच्या दिवसांत ती स्वयंपाकघरात जात नव्हती. मी झाकून ठेवलेलं जेवण आत होतं, गॅस आत होता. मी येईपर्यंत पोरगी मोरीच्या नळाचं पाणी पिऊन पडून राहायची, आणि मी रात्री ताट तसंच बघून तिला ओवा चारत होतो.

आधी वाटलं, देव बाहेर आणावेत. पण मग बाहेरची खोली बंद झाली असती. दीड खोलीत देव कुठंही ठेवले तरी पोरीला जागा कमीच पडणार. मी तिला सांगितलं की देव आत राहतील आणि तूही आत जायचंस, चारही दिवस. "आजीला कळलं तर?" तिनं विचारलं. आजीला मी सांगेन, असं म्हणालो, पण सांगायचं धाडस मला झालं नाही.

डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त बघितलं, सोनोग्राफी केली. सगळं ठीक निघालं. त्यांनी सायलीकडंच बघून सांगितलं की या वयात असं पुष्कळ मुलींना दुखतं, पण शाळा बुडेपर्यंत सोसायचं नसतं. कळ सुरू झाली की वाट न बघता त्यांनी लिहून दिलेली गोळी घ्यायची, पोटात काही खाऊन. गरम पाण्याची पिशवी लावायची, जमेल तेवढं हिंडायचं. एवढं करून थांबलं नाही किंवा वाढलं तर परत यायचं. आणि तारखा लिहून ठेवायच्या.

तारखा म्हटल्यावर मी जोमानं कामाला लागलो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल केले, शेजारी दुखण्याचा अंक, शून्य ते दहा. संध्याकाळी बघतो तर कॅलेंडर खाली काढून ठेवलेलं. "मी काय धरण हाय व्हय, पप्पा? पातळी लिवताय ती," सायली म्हणाली. तिचं बरोबर होतं. तिला एक वही आणून दिली. ती वही तिची, मी उघडत नाही. मला ते फार अवघड जातं.

पुढच्या महिन्यात ती एकच दिवस घरी राहिली. दुखणं गेलेलं नाही. पण दाखल्याचा अर्ज मी पुरा केला नाही.

दिवाळीला वर आलो आणि दुसऱ्याच सकाळी तिला कळा सुरू झाल्या. आई आत करंज्या तळत होती. सायली शेकायची रिकामी पिशवी घेऊन दारात थांबली. सुनंदा आणि मी बाहेर बसलो होतो. मी उठायला लागलो तसं सुनंदानं माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"आजी, मला पाळी आलीया. पाणी तापवायचंय," सायली म्हणाली.

आईनं मान वर केली नाही. "आमाला काय दुखत न्हवतं व्हय?"

"दुखत आसंलच की. मग काय करायचीस तू?"

कढईतल्या तेलाचा तेवढा आवाज. आईनं दोन करंज्या उलटल्या. मग बसल्या पाटासकट बाजूला सरकली आणि शेगडीपुढं हातभर जागा झाली.

"ये," म्हणाली. "तेलापास्नं लांब उभी ऱ्हा."

घर वरचं की खालचं, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझी मोजणी आता साधी आहे. जिथं सायली महिन्याचे सगळे दिवस शेगडीपर्यंत जाते, ते घर. सांगलीत एक होतं. त्या सकाळी दोन झाली.