दहावी ओळ लिसांद्राची

लिसांद्रा जन्मली तेव्हा तिच्या डोक्यावर कापसासारखे पांढरे केस होते. नर्सने बाळ माझ्या हातात दिलं आणि माझ्या सासूकडे पाहिलं. सासूने नुसती मान हलवली. मोकाच्या डोंगरातल्या कुठल्या घरांत अशी बाळं जन्मतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. नजर अधू, ऊन सोसत नाही, जरा धक्का लागला की काळानिळा डाग. आणि पस्तिशी आली की फुप्फुसं राठ होऊ लागतात. बाहेरच्या डॉक्टरांना या आजाराचं नाव पुस्तकात शोधावं लागतं. पोर्तो रिकोच्या आमच्या कोपऱ्यात तो आडनावासारखा चालत येतो.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. त्यामुळे मला इतरांपेक्षा जास्त कळायचं आणि भीतीही जास्त वाटायची. ती जेवताना खोकली तरी मी तिच्या ओठांचा रंग बघायचे.

"आई, मी तुझी मुलगी आहे, एक्स-रे नाही," ती म्हणायची.

चौदाव्या वर्षी ती तीतोच्या दुकानामागच्या पत्र्याखाली गाऊ लागली. तिथे रविवारी दुपारी दोन गाणारे समोरासमोर उभे राहतात आणि उभ्या उभ्या दहा-दहा ओळींचं कवन रचून एकमेकांची खेचतात. दहावी ओळ लोक देतात आणि ती दोघांनाही सारखीच. बाकीच्या नऊ आपल्या, त्याही तिच्याशी यमक जुळवून. पहिल्या दिवशी तिच्यासमोर मोन्सेर्राते होता, शाळेची बस चालवणारा. त्याला सगळे मोन्से म्हणतात. तो म्हणाला, "ए पांढरे, घरी जा, दूध पी." तिने त्याच्या बसच्या ब्रेकवर दहा ओळी केल्या. तेव्हापासून वीस वर्षांत दोघांनी गाण्यात एकमेकांची एकदाही गय केली नव्हती.

मग श्वास लागायला लागला. आधी चढावर, मग जिन्यावर, मग ओळीच्या मध्यावर. पाठीवर ऑक्सिजनची पिशवी आली, नाकात नळी आली. मी म्हटलं, आता गाणं पुरे. ती मायाग्वेस शहरात जाऊन इवेलिस नावाच्या फिजिओथेरपिस्टला भेटली.

इवेलिसने खोटी आशा दाखवली नाही. "फुप्फुसं मला बदलता येणार नाहीत," ती म्हणाली. "पण श्वास ओढणारे स्नायू आणि पाय यांना कामाला लावता येईल. मग तेवढ्याच हवेत जास्त निभेल."

तिने प्लास्टिकची एक नळी दिली, आत स्प्रिंग असलेली. नाकाला चिमटा लावायचा आणि त्या स्प्रिंगच्या विरोधात हवा ओढायची. जमू लागलं की स्प्रिंग अजून घट्ट करायची. शिवाय जागेवरची सायकल, आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावून घरासमोरचा चढ. लिसांद्रा चढावर यमकं पुटपुटत जायची आणि मी छत्री घेऊन मागून.

"दमलीस का?"

"दमलेय. म्हणून तर चालतेय. तू बोलू नकोस, माझी ओळ जाते."

काही महिन्यांनी ती पुन्हा पत्र्याखाली उभी राहिली. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती आणि नको इतकी शांत. तीतोने ओळ दिली, "तरी बकरी चढली छपरावर." साथीला बसलेल्या ओब्दुलिओने गिटारीच्या तारा छेडल्या. मोन्सेने सुरुवात केली, आणि काय केलं? तिला देवदूत म्हटलं. तिचा गळा सोन्याचा, तिचं धैर्य डोंगराएवढं! बायका डोळे पुसू लागल्या. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. म्हटलं, आता सांभाळून घेतील तिला.

लिसांद्राचा चेहरा रागाने लाल झाला. तिने थांबत थांबत, पण ठणकावून सुनावलं:

"जिवंत आहे मी अजून, फुलं का टाकतोस अंगावर?
पोट तुझं पोचलं बाजारी, तू अजून उंबऱ्यावर!"

पत्र्याखाली हशा झाला. मोन्सेला घाम फुटला. मग त्याने टोपी मागे सारली, आणि मला माझा जुना, उद्धट मोन्से दिसला:

"नळी नाकात खोचून बाई आली मैदानावर;
हवा संपली तर घरचा गॅस-सिलिंडर देतो, भात राहू दे चुलीवर!"

कुणी हसेना. "लाज नाही का रे तुला!" म्हणत मी उठलेच. लिसांद्रा मात्र मांडीवर थाप मारून हसत होती. तिला हेच हवं होतं. पेशंटशी कुणी भांडत नाही, आणि ती तिथे भांडायला आली होती.

तिने उत्तर धरलं. बकरीला कोंडणाऱ्या मूर्खाच्या जागी अर्थातच मोन्सेला उभं केलं आणि एकेक ओळ चढवत नेली. नवव्या ओळीला, "दोर बांधला, शिडी काढली, कडी घातली दारावर," आणि हवा संपली.

दहावी ओळ सगळ्यांना पाठ होती. मदतीला धावून सगळ्यांनी तोंडं उघडली. मीसुद्धा.

लिसांद्राने पंजा वर केला. थांबा.

ओब्दुलिओने एक फेरी वाजवली. दुसरी वाजवली. तिच्या बरगड्या रुंदावताना मला सदऱ्यावरून दिसत होत्या. तिसऱ्या फेरीला तिने बकरी एकटीने छपरावर चढवली. गळ्यात जरा खरखर होती, सूर मात्र जागेवर.

टाळ्या थांबायच्या आत मोन्सेने पुढचं कवन सुरू केलं होतं. ते इतकं नेमकं आणि दुष्ट निघालं की लोक उभे राहून ओरडले. लिसांद्राने हात जोडून हार मानली आणि पायरीवर बसून बराच वेळ नुसता श्वास घेतला. मोन्से शेजारी येऊन बसला.

"फार लागलं का गं?"

"फालतू बडबड करू नकोस, म्हाताऱ्या. पुढच्या रविवारी ये."

घरी येताना गाडीत मी विचारलं, "छातीत दुखतंय का?"

"छातीचं काय घेऊन बसलीस, आई! 'उंबऱ्यावर' हे यमक मी पहिल्याच कवनात उडवून टाकलं. ते राखून ठेवलं असतं ना, तर त्याला तिथल्या तिथे गाडला असता."

ती आत झोपली आहे आणि तिचं ऑक्सिजन देणारं यंत्र घुरघुरतंय. मी हे लिहितेय आणि 'उंबऱ्यावर'च्या जागी काय बसलं असतं ते शोधतेय. 'खांद्यावर' चालेल. सकाळी चढावर सांगेन तिला.