कुलपातली साखर

अरे शंकेखोरा,

थोरल्या बहिणीचं पत्र आहे. उजेडाकडे धरून आत काय लपवलंय ते बघत बसू नकोस, सरळ वाच.

जन्मभर तू कुलपं दुरुस्त केलीस. दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या हातांकडे बघायचास, मग कुलपाकडे. दूधवाला, वाण्याचा काटा, माझी जीवशास्त्राची पदवी, सगळ्यांत तुला काळंबेरं दिसायचं. मग रक्तातली साखर वाढली. तू गोड सोडलंस, तरी ती चढतच गेली, आणि तू निकाल लावून मोकळा: चहा सून करते, म्हणजे साखर तीच घालते. डब्याला कुलूप लागलं, किल्ली तुझ्या गळ्यात. नातवाच्या दुधाला चमचाभर साखर हवी, तर बिचारी वाटी घेऊन तुझ्यासमोर उभी राहायची.

पुढचा रिपोर्ट आणखी वाईट आला. भरल्या ताटावर तू तिला विचारलंस, दुसरी किल्ली कुठून करून आणलीस?

"बाबा, मला किल्ल्या करता येत असत्या, तर आधी या दाराची केली असती," ती म्हणाली, हात धुतले आणि पोराला घेऊन माहेरी गेली.

तुझ्या लेकाने मला बोलावलं. मी आल्याआल्या तुला डबा उघडायला लावला. साखर होती तशीच. शेजारी गोळ्यांची बाटली. गुडघ्यांवर रामबाण म्हणून तुझ्या टेम्पोवाल्या मित्राने दिलेली, आणि कोणी बदलू नये म्हणून तू कुलपात ठेवलेली. जगात एकाच माणसावर विश्वास ठेवलास, तोही हा! डॉक्टरांनी बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला. स्टेरॉइड.

तेव्हा तू ऐकलं नव्हतंस, आता ऐक. आपलं यकृत साखर साठवतं आणि नवी बनवतंही. काम करतात एन्झाइम, हुकूम सोडतात हार्मोन. इन्शुलिन सांगतं, साठवा, बनवणं थांबवा. स्टेरॉइडही हार्मोनच, पण त्याचा हुकूम उलटा: बनवा, आणखी बनवा. मग साखर बनवणारे एन्झाइम वाढतात आणि इन्शुलिनला कोणी जुमानत नाही. तू डब्यावर पहारा देत होतास, आणि कारखाना तुझ्याच पोटात चालू होता.

डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू उतरवल्या, तशी साखरही उतरली. मग एके दिवशी तू माझ्याकडे आलास आणि गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवलीस.

"ताई, तू नेऊन दे तिला. डबा तिचाच आहे म्हणावं."

"आरोप तू केलास, किल्लीही तूच ने. मी काय पोस्टमन आहे?"

तू माझ्याकडे रोखून बघितलंस. "तू तिला आधीच काय काय सांगून ठेवलंयस?"

धन्य आहे तुझी! तसाच उठून गेलास, किल्ली टाकून. विसरलास म्हणे. मला शंका आहे.

परवा सुनेचा फोन आला होता. तुझे गुडघे कसे आहेत विचारत होती. पोरगं मागे दुधासाठी भोकाड पसरून बसलं होतं. तिचं माहेर तुझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून आहे.

किल्ली अजून माझ्या टेबलावरच आहे.