प्रतिभाताईंच्या गाडीचा मॅप

गॅरेजात प्रत्येक काम संपल्यावर एखाद-दुसरा नट उरतो. गाडी नीट चालते, काही सुटलेलं नसतं, तरी उरतो. गॅरेजचा मालक बाळूभाऊ तो फेकत नाही, खिडकीतल्या तेलाच्या जुन्या डब्यात टाकतो. किस्स्यांचंही तसंच आहे. गाडी निघून जाते आणि आपल्या हातात एक किस्सा राहतो. वर्षभरात माझा डबा भरला. मित्र भेटले की म्हणतात, काढ एखादा. आधीच कबूल करतो, यातलं शहाणपण बहुतेक दुसऱ्यांचं आहे आणि फजिती माझी.

*

मी चार वर्षं जर्मनीत इंजिनांचं शिकलो आणि केनवडला परत आलो. आजच्या गाडीच्या इंजिनाला एक छोटा संगणक असतो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे तो एका मोठ्या तक्त्यात बघून ठरवतो. त्या तक्त्याला मॅप म्हणतात. वेगवान गाड्यांचे शौकीन कंपनीचा मॅप काढून त्यांच्या इंजिनाला साजेसा नवा लिहून घेतात. आपल्याकडचे लोक त्यासाठी पुण्या-बंगळुरूला जातात. मला वाटायचं, हा मॅप वाशीम जिल्ह्यात का लिहिला जाऊ नये? आपल्या पोरांनी फक्त ऑइलच का बदलावं?

हे सगळं मी बाळूभाऊला अर्धा तास सांगितलं. बाळूभाऊ म्हणजे ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करणारा आमच्या भागातला जुना मिस्त्री. त्यानं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "याले पाना कोनता लागते?"

मी म्हणालो, पाना नाही, लॅपटॉप.

त्यानं वेल्डिंगचं मशीन सरकवलं आणि कोपरा मोकळा करून दिला. गॅरेजातला विजेचा एकमेव न हलणारा प्लग त्या कोपऱ्यात होता. भाड्याचं विचारलं तर म्हणाला, "बस इथं. पन पेरनीच्या दिवसांत ट्रॅक्टर आला तं उठा लागन." त्या दिवसापासून माझं नाव जर्मन पडलं.

*

पहिली गाडी आली ती डॉक्टर प्रतिभाताईंची. ताई जनावरांच्या डॉक्टर. दिवसभर जीपनं गोठे फिरतात आणि घरी त्यांची एक लाल टर्बो हॅचबॅक असते. तिची आवड त्यांना कशी लागली हे अख्ख्या रिसोड तालुक्याला पडलेलं कोडं आहे. त्यांना दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर वेळ लावून गाडी पळवायची होती. सप्टेंबरात जायचं होतं.

त्यांनी अट आधीच सांगितली. ऑगस्ट संपेपर्यंत मी मॅप तयार करायचा. शेवटची चाचणी त्यांच्यासमोर होईल. पसंत पडला तर गाडीत माझा मॅप राहील, नाहीतर कंपनीचा परत टाकायचा आणि गाडी पुण्याला जाईल. माझ्यासाठी ही एकच गाडी होती. ती पुण्याला गेली असती तर दुसरी कोणी आणून दिली नसती.

मी उत्साहात लगेच लॅपटॉप जोडायला निघालो. ताईंनी हात धरला. इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासला का, ठिणगीचे प्लग पाहिले का, असं विचारलं. मी म्हणालो, उद्या बघू.

"ताप पाह्यल्याशिवाय मी म्हशीलेही सुई देत नाई," ताई म्हणाल्या. "आणि तू माह्या गाडीले देऊन राह्यला?"

त्या दिवशी लॅपटॉप बंदच राहिला. दोन प्लग खराब निघाले.

*

चाचणीला रस्ता लागतो, आणि चालू रस्त्यावर हे करायचं नाही हा माझा नियम आहे. गावाबाहेर नव्या वळणरस्त्याचा एक तुकडा तयार होता. पुढचा पूल व्हायचा होता म्हणून तो उघडला नव्हता. ठेकेदाराची लेखी परवानगी काढली, सकाळी सहा ते आठ. दोन्ही टोकांना लाल फडकी लावायची, मगच गाडी सोडायची.

पहिल्याच सकाळी गेलो तर एका टोकाला हरभऱ्याची रास. शेजारी गावातली कौसाबाई टोपली घेऊन उभी. नवा रस्ता सपाट, माती नाही, उपणायला याहून चांगली जागा कुठली? फक्त वारा पडला होता, म्हणून ती थांबली होती.

मी तिला परवानगीचा कागद दाखवला. तिनं तो वाचायला लावला, सगळा ऐकला आणि विचारलं, "याच्यात हरभऱ्याचं काई लिव्हलं हाय का?"

नव्हतं लिहिलेलं. मग आम्ही फडकं तिच्या राशीच्या बरंच अलीकडे लावलं आणि राहिलेल्या रस्त्यात भागवलं. प्रत्येक फेरीनंतर इंजिन थंड करावं लागतं, म्हणून बाळूभाऊनं जनरेटर आणि लग्नातला मोठा फर्राटा पंखा आणला होता. गाडी थांबवून मी तो तिच्या तोंडाशी लावला. कौसाबाई जवळ येऊन बघत राहिली.

"एवढी पळते, तरी हिले वारा उभ्यानंच घ्या लागते?"

पुढचे चार दिवस असं ठरलं : दहा मिनिटं पंखा गाडीला, वीस मिनिटं हरभऱ्याला. माझी चाचणी दोन दिवस लांबली. पाचव्या दिवशी कौसाबाईनं पायलीभर हरभरा गाडीच्या डिकीत ठेवला. मला विचारलंसुद्धा नाही.

*

मे महिन्यात ऊन असं पडलं की इंजिनात जाणारी हवाच तापलेली. हवा गरम झाली की इंजिनाचा संगणक स्वतःच जोर कमी करतो. मार्चमध्ये मी जे आकडे सगळ्यांना दाखवले होते, त्यातली अठरा अश्वशक्ती गायब. मी तोंड पाडून बसलो.

बाळूभाऊ जेवत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बारा वाजता तुले तरी जोर येते का?"

तिथं, त्या पत्र्याखाली, मला एक गोष्ट कळली. मी शिकलो त्या ठिकाणी असं ऊन तयार करायला मोठी बंद खोली लागायची आणि तिच्यासाठी महिनोन्महिने नंबर लावावा लागायचा. इथं ते अंगणात होतं. मी मोठा आकडा सोडून दिला आणि भर दुपारीही इंजिन सुरक्षित राहील असा मॅप नव्यानं लिहिला. ताईंना फोन करून सांगितलं की तुम्हाला सांगितलेला आकडा आता मिळणार नाही. रागावतील असं वाटलं होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "बरं झालं, तूच सांगितलं."

*

एक गृहस्थ आले. भाच्याच्या वरातीसाठी गाडीच्या सायलेन्सरमधून धडाधड आवाज निघेल असं सॉफ्टवेअर पाहिजे होतं. असं करता येतं, मी तोंड उघडलंही होतं.

बाळूभाऊनं ट्रॅक्टरखालूनच उत्तर दिलं, "इथं औषध भेटते. फटाके बाजारात."

*

जुलैत मोठी फजिती झाली. नवा मॅप गाडीत लिहायला अकरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बॅटरी पडली तर लिहिणं अर्धवट राहतं आणि तो संगणक कायमचा मुका होऊ शकतो. म्हणून आपण विजेवरचा चार्जर लावून ठेवतो. मी लावला होता. सहाव्या मिनिटाला वीज गेली.

लॅपटॉपवर व्होल्ट उतरताना दिसत होते. मी नुसता आकड्याकडे बघत होतो. माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात वीज गेल्यावर काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिथं ती जात नव्हती.

गॅरेजात धनजचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला होता. बाळूभाऊनं तो सुरू केला, मागे घेत गाडीला लावला आणि त्याच्या बॅटरीवरून दोन जाड वायरी आमच्या बॅटरीला जोडल्या. आकडा थांबला. मग चढला. लाल हॅचबॅकच्या नाकाशी ट्रॅक्टर धडधडत होता आणि लॅपटॉपवर रेघ पुढे सरकत होती.

शंभर टक्के झाल्यावर मी खाली बसलो. धनजचे काका इतका वेळ कमरेवर हात ठेवून बघत होते. त्यांनी बाळूभाऊला हळूच विचारलं, "माह्या ट्रॅक्टरनं हिले काय शिकोलं, बापा?"

*

आणि मग शेवटची चाचणी. ताईंना वेळ मिळाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आठवड्याआधीच्या फेरीत सगळं स्वच्छ होतं, त्यामुळे मी निश्चिंत होतो. ताई आल्या, सोबत त्यांचे वडील अप्पा. अप्पांची पन्नास वर्षं शेतीत गेली. ते बोलतात कमी, बघतात जास्त.

ताईंनी स्वतः गाडी चालवली, मी शेजारी लॅपटॉप घेऊन. तिसरा गिअर, मिनिटाला चार हजार फेरे, आणि पडद्यावर लाल काटे उभे राहिले. नॉकिंग. म्हणजे इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटून पिस्टनवर हातोडा बसतो आहे. हे ऐकायला इंजिनावर एक छोटा कान बसवलेला असतो, तो असे काटे दाखवतो. असं चालू राहिलं तर इंजिन फुटतं.

नॉकिंग थांबावं म्हणून मी ठिणगी दोन अंश उशिरा केली. काटे तसेच. चार अंश केली. तसेच. शेवटी मी स्वतःच म्हणालो की ताई, मी कंपनीचा मॅप परत टाकतो. टाकला. पुन्हा फेरी मारली.

काटे तेवढेच.

मॅप कुठलाही असो, नॉकिंग राहतंच, म्हणजे सहा महिन्यांत मी त्यांचं इंजिनच खराब केलं होतं. मी ते त्यांना सांगितलं. अप्पांसमोरच सांगितलं. इंजिन उघडावं लागेल आणि ते मी भरून देईन, असंही म्हणालो.

बाळूभाऊनं बॉनेट उघडलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि मला फेरे वाढवायला सांगितलं. डोळे मिटून ऐकत राहिला. मग हात आत घातला, इंजिन उचलायच्या कडीच्या मागे चाचपला आणि थांबला.

"इंजिन साजरं हाय," तो म्हणाला. "पन हे कोनं बांधलं?"

काळ्या दोऱ्यात ओवलेलं पितळेचं एक घुंगरू. फेरे वाढले की ते इंजिनावर आपटत होतं, आणि इंजिनाचा कान त्यालाच नॉकिंग समजत होता.

ताईंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी रस्त्याकडे.

"काल पोळा होता," अप्पा म्हणाले. "सर्ज्या गेल्या साली गेला. दावनीले दुसरं कोनी नाई. मंग हिच्या चाकाले गेरू लावला, पुरनपोळी दाखवली, त्याचं घुंगरू बांधलं." घुंगराकडे बघत म्हणाले, "गळा कुठं असते हिचा, मले समजलं नाई."

बाळूभाऊनं दोरा सोडून घुंगरू त्यांच्या हातात दिलं. मी माझा मॅप परत टाकला, ठिणगी जिथं होती तिथं आणली. ताईंनी फेरी मारली. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही काटा नाही. ताईंनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि म्हणाल्या, "हाच राहू दे."

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, आभार मानायचे होते, सगळ्यांचे. मी लॅपटॉप घेऊन उतरलो तर अप्पा जवळ आले. त्यांना ते घुंगरू लॅपटॉपमध्ये कसं दिसलं ते बघायचं होतं. मी आधीची फाइल उघडली. त्यांनी लाल काट्यांवरून, पडद्याला न टेकवता, एक एक करत बोट फिरवलं. चार हजारांपाशी पहिला, मग थोडं अंतर, मग दोन जवळजवळ, मग पुन्हा अंतर.

मी ती फाइल बंद करायला लागलो, तशी त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हे पुसजो नोको."