वर्खाचे खडे

माझी आत्या तीस वर्षांपासून जुने नकली दागिने साफ करत होती. कुणी त्यांना खोटे म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. "घालणारीने तर खरेच घातले होते ना?" एवढंच म्हणायची, आणि पुन्हा मान खाली.

जुन्या वस्तूंच्या दुकानात, जिन्याखाली तिचं टेबल. त्यावर दिवा, भिंग, मऊ ब्रश, कापूस आणि दात कोरायच्या काड्या. मोती दातावर घासून तो काचेचा की प्लास्टिकचा ते सांगायची. कानातल्याच्या मागचा चाप बघून ते आईच्या वयाचं की आजीच्या, तेही. संध्याकाळी पाठ धरून घरी यायची, आणि समोर ठेवलेला चहा निवेपर्यंत नुसती त्याच्याकडे बघत बसायची.

जुन्या खड्यांच्या मागे चंदेरी वर्ख असतो, सगळी चमक त्याची. कोंदण मागून बंद असेल तर दागिना पाण्यात बुडवायचा नाही. पाणी आत शिरलं की वर्ख काळा पडतो आणि खडा कायमचा गेला. कोंदण मागून उघडं असेल तर साबणाच्या पाण्यात खुशाल बुडवा. बंद की उघडं हे भिंगातून बघायचं असतं. पण दोन वर्षांपासून आत्याच्या डोळ्यांनी दगा दिला होता आणि ती नुसता अंगठा फिरवून ठरवत होती. दुकानदाराला कळलं तर टेबल जाईल, म्हणून तिने कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. चहा निवत होता तेव्हाच मी विचारायला हवं होतं. त्याचा मला अजून राग येतो, माझाच.

एक दिवस एक म्हातारी शिवणवाली आपल्या गेलेल्या बहिणीचा ब्रोच घेऊन आली. अकरा निळे खडे. आत्याने मागून अंगठा फिरवला, भोकं लागली, म्हणजे उघडं. बुडवला. ती भोकं नुसत्या शोभेच्या जाळीची होती, जाळीखाली कोंदण बंद होतं. दुसऱ्या दिवशी सात खडे मातकट.

दुकानदार म्हणाला, "आधीपासूनच तसे होते म्हणून सांगा, बाई. कोण बघायला गेलंय?"

"मीच बघायला हवं होतं, तेच तर चुकलं," आत्या म्हणाली. "आणि खोटं बोलायचं म्हणजे ते पुढे लक्षात ठेवा. माझ्यात तेवढं त्राण नाही."

शिवणवाली आली तेव्हा आत्याने तिला सगळं सांगितलं, डोळ्यांचंसुद्धा, दुकानदाराच्या देखत. तो तसा वाईट माणूस नव्हे. "आता घरी आराम करा," म्हणाला, आणि टेबलावरचं भिंग उचलून स्वतःच्या खणात ठेवलं.

आत्या दुपारीच घरी आली. मी विचारलं, "ती बाई फार चिडली का गं?"

"चिडली असती तर सुटले असते. म्हणाली, 'ताई, वाटेत दोन दुकानं होती. तुमच्या भरवशावर इथवर चालत आले.' ब्रोच पिशवीत टाकला आणि गेली."

मी म्हटलं, "पण आत्या, तू खरं ते सांगितलंस ना."

"सांगितलं," ती म्हणाली. "खडे काही उजळले नाहीत."