आ-फाचा एकच ब्रँड

कुआंगहुआ या संगणकांच्या बाजाराच्या तिसऱ्या मजल्यावर कुजबुज होती, की आ-फाचं ‘शानहाय’ मदरबोर्ड कंपनीतल्या एका विधवेशी सूत जुळलंय. म्हणून तर हा दुसरा ब्रँड दुकानात ठेवत नाही! शेजारी माझं केबलींचं दुकान. बातमी चार ठिकाणी मीच पोचवली, पदरचं थोडं मीठ लावून. बासष्टीचा माणूस, तोही घटस्फोटित, सोडायचा कसा?

गुरुवारी फोटो स्टुडिओवाली युए-ओ धापा टाकत आली. तिच्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला होता. रविवारी कीलुंगला लग्नाची पंगत, आणि नवरानवरीचे फोटो पडद्यावर दाखवायचे कबूल करून बसलेली. फोटो शाबूत होते, पण सजवायचे राहिले होते. चुकलं असतं, तर कीलुंगचं एकही गिऱ्हाईक पुन्हा तिच्याकडे फिरकलं नसतं.

“तो समोरच्या दुकानातला दे ना मिळवून. रंगीत दिव्यांवाला.”

“ताई, संगणक जोडायचाय की देवळाची जत्रा भरवायचीय? शानहाय ने.”

“तुझ्या तिचा माल मी का खपवू?”

आ-फा कानापर्यंत लाल झाला. मी केबली मोजायला लागलो. शेवटी तिने शानहायच नेला, कुरकुरत.

शुक्रवारी दुपारी परत हजर, बोर्ड हातात. “मेला हा पण! हाच का तुझा भरवशाचा?”

आ-फाने आधी बोर्ड पाहिलाच नाही. “यंत्रावर शकुनाचं खाऊचं पाकीट ठेवलं होतंस?”

“ठेवलं की.”

“हिरवंच ना?”

“हिरवी संपली होती. पिवळं ठेवलं.”

अख्खा मजला हळहळला. हिरव्याने यंत्र मुकाट काम करतं, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. पिवळं म्हणजे थांबायचा इशाराच! मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही स्वतःच त्याला सुट्टी दिलीत.”

“तुम्ही गप्प बसा हो, केबलवाले!”

आ-फा बोर्ड घेऊन जिना उतरला, एकेक पायरी, कठडा धरून. विधवा दिसेल या आशेने मी मागोमाग. बाजारामागच्या गल्लीत, सोया-दुधाच्या दुकानाला लागून एक खिडकी. आत जाड चष्म्याचा टकला कारकून नूडल्स ओरपत होता. त्याने बोर्ड तपासला, “सदोष आहे,” म्हणाला, शिक्का मारला आणि नवा हातात ठेवला. एवढ्याला वीस मिनिटं लागली. माझी फार निराशा झाली.

रविवारी कीलुंगला फोटो झळकले. यंत्रावर हिरवी तीन पाकिटं होती म्हणे.

विधवा कुणी नव्हतीच. बोर्ड सगळ्याच कंपन्यांचे बिघडतात. बाकीच्यांचे दुरुस्तीसाठी लांबच्या टपाल कचेरीत जाऊन पाठवले, की दोन आठवडे जात. शानहायची बदलून देणारी खिडकी मागच्या गल्लीत होती, आणि आ-फाचा डावा गुडघा दुखायचा.