आईच्या उजव्या डोळ्याची लेन्स

आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. मला वाटलं, डॉक्टर ऑपरेशनची तारीख देतील. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तारखेआधी तीन लेन्स सांगितल्या: एक साधी, एक लांबचं जास्त स्वच्छ दाखवणारी मधली आणि एक महागडी, जिच्यानं बहुतेक चष्मा लागत नाही. "घरी बोलून ठरवा," ते म्हणाले.

मी चिखलीत शाळेच्या ऑफिसात कारकून. साधा पंखाही चार दुकानं फिरून घेणारी. पण पंखा बदलून मिळतो. डोळ्यात बसवलेली लेन्स कोण बदलून देणार?

मी जालन्याच्या दवाखान्यात विचारलं. तिथे मधली लेन्स बुलढाण्यापेक्षा स्वस्त होती, पण कंपनी वेगळी. पुण्याचा भाऊ म्हणाला, "सगळ्यात भारी टाक, मी देतो पैसे." ऑफिसातल्या बाईंच्या सासूला तीच भारी लेन्स घातल्यावर रात्री दिव्याभोवती कडी दिसायला लागली होती. ज्याला विचारावं तो एक नवी काळजी देऊन जायचा. असे तीन आठवडे गेले.

मग आईच्या गावाहून, उंद्रीहून, तिच्या शेजारणीचा फोन आला. आई ओट्याची पायरी चुकून पडली होती. गुडघा खरचटण्यावर भागलं. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन बुलढाणा गाठलं.

डॉक्टरांसमोर मी पुन्हा दोन्ही दवाखान्यांचे दर सांगायला लागले. आईनं मला थांबवलं.

"तू दुकानं फिरून राह्यली, अन् मी अंधारात बसून राह्यली."

डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "आजी, तुम्हाला काय काय दिसायला पाहिजे?"

"वावरातली वाट दिसली पाह्यजे. मानसं वळखू आली पाह्यजे. पोथी मी चष्मा लावून वाचीन."

"मग मधली पुरे."

ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून मनात तिन्ही लेन्स उलटसुलट करत होते. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आईनं भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"तू काऊन एवढी वाळली वो?"



पुढे पंधरा दिवस मी उंद्रीलाच राहिले. तिच्या डोळ्यात थेंब टाकले की मी दर वेळी विचारायचे, धूसर तर नाही ना दिसत? पहिले काही दिवस तिनं उत्तरं दिली. नंतर मी विचारायला लागले की काळा चष्मा लावून ती अंगणात जाऊन बसायची.